एकाच मातीत आर्सेनिकचे दोन आकडे: एक्सआरएफ खरे की आयसीपी-एमएस?

मातीमोल यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी मूळची भौतिकशास्त्राची. पदव्युत्तर अभ्यास क्ष-किरण विवर्तन आणि वर्णपटशास्त्राचा केला, आणि गेले दीड वर्ष माती व भूजल यांच्या प्रदूषणावर काम करणाऱ्या एका गटात आहे. गटातील बाकी सगळे रसायन, भूविज्ञान किंवा कृषी या शाखांचे असल्यामुळे, पिस्तुलासारखे दिसणारे, हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र (मातीवर क्ष-किरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणारे) साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

पूर्वी फळबाग असलेल्या आणि नंतर बरीच वर्षे रहदारीच्या रस्त्याला लागून पडीक राहिलेल्या एका जमिनीवर आम्ही चाळीस ठिकाणी मोजणी केली. यंत्राचे तोंड जमिनीवर टेकवायचे, साठ सेकंद घोडा दाबून धरायचा आणि पडद्यावर येणारे आकडे टिपायचे, एवढीच रीत होती. सर्वांत वाईट ठिकाणी शिसे किलोमागे १,२०० मिलिग्रॅम आणि आर्सेनिक ९० मिलिग्रॅम दिसले. तेथलीच माती बाहेरच्या एका प्रयोगशाळेत अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून आयसीपी-एमएसवर (तप्त प्लाझ्मात आयन करून त्यांच्या वस्तुमानावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) मोजली, तेव्हा शिसे १,१५० आले, आर्सेनिक मात्र २२. शिशाबाबत दोन्ही पद्धती जुळतात आणि आर्सेनिकबाबत चौपट फरक पडतो, हे कोडे मला सुटत नाही. आणखी एक गोष्ट अशी की चाळीसही ठिकाणी यंत्रावरचे आर्सेनिक शिशाबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढते.

गटातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की एक्सआरएफ अंदाजापुरते ठीक आहे, खरा आकडा प्रयोगशाळेचा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडताही येत नाही. आणि जरा खाजगी प्रश्न: क्ष-किरणांच्या भौतिकीचा पर्यावरणाच्या संशोधनात घोडा दाबण्यापलीकडे काही उपयोग आहे का?

के_कवच यांचा प्रतिसाद

आपल्या कोड्याचे उत्तर आपल्याच पाठ्यपुस्तकात आहे. हेन्री मोझली याने १९१३-१४ मध्ये दाखवले की मूलद्रव्याच्या स्वतःच्या क्ष-किरण रेषेच्या वारंवारतेचे वर्गमूळ अणुक्रमांकाबरोबर सरळ रेषेत वाढते. त्याच्या नियमाने हिशेब करून पाहा. आर्सेनिकचा अणुक्रमांक ३३, म्हणून अणूच्या सर्वांत आतल्या के कवचातून येणाऱ्या के-अल्फा रेषेची ऊर्जा १०.२ गुणिले ३२ चा वर्ग, म्हणजे सुमारे १०,४४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. शिशाचा अणुक्रमांक ८२. त्याच्या पुढच्या एल कवचासाठी अणुक्रमांकातून ७.४ वजा करायचे आणि गुणक १.८९ धरायचा, की एल-अल्फा रेषा सुमारे १०,५१८ वर येते. ही कागदावरची ढोबळ आकडेमोड झाली. प्रत्यक्ष मोजलेल्या ऊर्जा १०,५४४ आणि १०,५५१ आहेत. दोन मूलद्रव्ये आवर्तसारणीत एकमेकांपासून कितीतरी दूर, आणि त्यांच्या सर्वांत ठळक रेषांमध्ये अंतर जेमतेम सात-आठ इलेक्ट्रॉनव्होल्टचे.

आपल्या यंत्रातील सिलिकॉन डिटेक्टरची विभेदनक्षमता (किती जवळच्या रेषा वेगळ्या दिसतात ती) ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला १३० ते १५० इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि वरच्या ऊर्जेला ती आणखी ढासळते. म्हणजे डिटेक्टरला या दोन रेषा नव्हेत, एकच टेकाड दिसते. मग यंत्रातील आज्ञावली काय करते? शिशाची एल-बीटा रेषा १२.६१ वर मोकळी सापडते. तिच्यावरून शिसे किती ते ठरवते, तेवढ्या शिशाची एल-अल्फा किती असायला हवी याचा अंदाज बांधते आणि ती टेकाडातून वजा करून उरलेल्याला आर्सेनिक म्हणते. शिसे थोडे असेल तोवर हे चालून जाते. शिसे हजारांत आणि आर्सेनिक दहा-वीसांत असेल, तर मोठ्या आकड्यातून जवळजवळ तेवढाच मोठा आकडा वजा करून उरलेला चुरा मोजण्यासारखे होते आणि वजाबाकीतील छोटीशी चूक आर्सेनिकच्या नावावर जमा होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ६२०० क्रमांकाच्या पद्धतीत स्पष्ट लिहिले आहे की शिसे आर्सेनिकच्या दहापट किंवा अधिक असेल, तर या मार्गाने आर्सेनिकचा आकडा काढता येत नाही. आपले प्रमाण यंत्राच्या आकड्यांनी तेरापट होते आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांनी बावन्नपट. दोन्हीकडून आपण मर्यादेबाहेर आहात.

त्या सरळ रेषेबद्दल मात्र घाई करू नका. तिचे दोन अर्थ निघतात. पहिला अर्थ वरचा, म्हणजे दुरुस्ती अपुरी पडल्याने शिशाचीच सावली आर्सेनिक म्हणून दिसते. दुसरा अर्थ आपल्या जमिनीच्या इतिहासात आहे. फळबागांवर १८९२ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेड आर्सेनेट हे कीटकनाशक सर्रास फवारले जात असे, आणि त्यात शिसे व आर्सेनिक ठरलेल्या प्रमाणात एकत्रच असतात. त्यात वजनाने शिसे आर्सेनिकच्या २.८ पट असते, म्हणून रेषेचा चढ (आर्सेनिक भागिले शिसे) ०.३६ च्या आसपास निघायला हवा. आपण दिलेल्या आकड्यांवरून तो ०.०७५ दिसतो. आर्सेनिक शिशापेक्षा लवकर वाहून जाते, त्यामुळे जुन्या बागेत चढ कमी होऊ शकतो हे मान्य. तरीही माझा संशय सावलीवर आहे.

पडताळणी सोपी आहे. शुद्ध क्वार्ट्झच्या वाळूत लेड नायट्रेटचे द्रावण मिसळून, वाळवून, वाढत्या मात्रेचे चार-पाच नमुने तयार करा. त्यात आर्सेनिक नाहीच. यंत्र तरीही आर्सेनिक दाखवू लागले, तर सावलीचा चढ आपल्या हाती येईल. हे करताना वापरायची आणखी एक शिस्त: १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण मातीच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरमधूनच बाहेर पडू शकतात, म्हणून ओल, खडे आणि खाचखळगे यांचा आकड्यावर परिणाम होतो. जमिनीवर टेकवून घेतलेला आकडा पाहणीपुरता ठेवा. अहवालासाठी माती वाळवा, कुटा, २५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि कपात दाबून मोजा.

अम्लराज यांचा प्रतिसाद

के_कवच यांनी भौतिकशास्त्राची बाजू चोख मांडली आहे. मी आयुष्यभर दुसऱ्या बाजूला, म्हणजे नमुने विरघळवण्याच्या टेबलाशी उभा राहिलो आहे आणि प्रयोगशाळेचा आकडा डोळे झाकून स्वीकारू नये, हे सांगण्याचा अधिकार मला त्यामुळेच आहे.

आर्सेनिकला निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, वस्तुमान ७५. आयसीपी-एमएसमध्ये प्लाझ्मा आर्गॉनचा असतो आणि अम्लराजात हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे क्लोरीन. आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ एकत्र येऊन जो आयन बनतो, त्याचे वस्तुमानही ७५. म्हणजे एक्सआरएफमध्ये शिसे आर्सेनिकचा मुखवटा घालते आणि इकडे आर्गॉन क्लोराइड घालतो. आर्सेनिकच्या नशिबी दोन्हीकडे तोतये आहेत. यावर उपाय आहे. यंत्रातील टक्कर-कक्षात हेलियम सोडला, की आकाराने मोठा असलेला जोड-आयन टकरा खाऊन ऊर्जा गमावतो आणि मागे राहतो. पण तो कक्ष चालू होता की नाही, हे आपल्या अहवालात लिहिलेले आहे का? तो बंद असता तर आपला आकडा फुगला असता.

उलट दिशेची चूकही शक्य आहे. उघड्या चंचुपात्रात अम्लराज तापवले तर आर्सेनिकचा काही भाग क्लोराइड होऊन उडून जातो. शिवाय अम्लराज सिलिकेट खनिजे पूर्ण विरघळवत नाही, त्यामुळे स्फटिकात अडकलेले मूलद्रव्य मोजणीतून सुटते. एक्सआरएफ सगळ्या मातीकडे पाहते आणि आम्लात विरघळलेला भागच आयसीपी-एमएसपर्यंत पोचतो. दोन्ही यंत्रे निर्दोष चालली तरी दोन आकडे अगदी एकसारखे येण्याची अपेक्षा धरू नये. मात्र चौपट फरकाला हे कारण पुरणार नाही.

तंटा मिटवायचा तर दोघांनाही एकच प्रमाणित माती द्या. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेची २७११ए ही मोंटानाची माती या कामाला फार योग्य आहे: तिच्यात शिसे ०.१४ टक्के आणि आर्सेनिक किलोमागे १०७ मिलिग्रॅम, म्हणजे प्रमाण तेरापट, नेमके के_कवच यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडचे. नाव न सांगता, आपल्या नमुन्यांसारख्याच पिशवीत घालून तीही प्रयोगशाळेकडे पाठवा. काही जणांना हे अविश्वासाचे वाटते. मला ते रोजच्या हिशेबाच्या ताळ्यासारखे वाटते.

आपल्या खाजगी प्रश्नाबद्दल थोडे. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्काश्मांतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी नमुन्यातील नगण्य शिसे मोजताना हवा, भांडी, आम्ले, कपडे अशा सगळीकडून येणाऱ्या शिशाशी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि त्यातून त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी केली. हे शिसे येते कुठून, या प्रश्नाने ते भूरसायनातून पेट्रोलमधील शिशापर्यंत पोचले आणि १९६५ पासून त्याविरुद्ध जाहीरपणे लिहू लागले. गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. पॅटरसन यांनी पर्यावरणाचा विषय निवडला नव्हता, मोजणीतील चुकीचा माग काढताना तो त्यांच्यापुढे आला.

आणि आपल्या रस्त्यालगतच्या शिशाचा उगम शोधायचा असेल, तर तेथे क्ष-किरणांचा उपयोग नाही हेही लक्षात घ्या. क्ष-किरण रेषा इलेक्ट्रॉनांच्या कवचांतून येतात. शिसे-२०६ आणि शिसे-२०७ यांच्या रेषांत आपले यंत्र फरक करू शकत नाही. पेट्रोलचे शिसे, रंगाचे शिसे आणि मूळ खडकाचे शिसे वेगळे करायला समस्थानिकांचे गुणोत्तर लागते, आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरच देतो.

काळा_चिखल यांचा प्रतिसाद

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण "माती वाळवा" हा सल्ला वाचून पोटात गोळा आला. सगळी माती वाळवू नका. आर्सेनिक किती आहे हा अर्धाच प्रश्न आहे. ते कोणत्या रूपात आहे, हा उरलेला अर्धा. हवेशीर मातीत ते प्रामुख्याने पंचसंयुजी असते आणि लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटून राहते. पाणी साचून ऑक्सिजन संपला, की जिवाणू त्या ऑक्साइडांचे क्षपण करतात, ती विरघळतात आणि मोकळे झालेले आर्सेनिक त्रिसंयुजी रूपात पाण्यात उतरते. हे रूप अधिक विषारी आणि अधिक चंचल. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. आपण भूजलही पाहता, तेव्हा रूपाचा प्रश्न टाळता येणार नाही.

माझी चूक सांगतो. एका पाणथळ जागेतील चिखलाचे नमुने मी मोठ्या काळजीने आणले आणि नियमाप्रमाणे रात्रभर वाळवणीच्या भट्टीत ठेवले. संध्याकाळी शाईसारखा काळा असलेला चिखल सकाळी विटकरी-तपकिरी झाला होता. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा होता आणि हवेने त्याचे एका रात्रीत ऑक्सिडीकरण केले होते. मी तरीही ते नमुने सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरणांचा झोत देणाऱ्या मोठ्या प्रवेगकावर) नेले, कष्टाने मिळालेला बीमटाइम (झोत वापरायला मिळणारा वेळ) खर्च केला, आणि प्रत्येक नमुन्यात आर्सेनिक पंचसंयुजी निघाले. मी मोजले ते दलदलीचे आर्सेनिक नव्हते, आमच्या भट्टीचे होते. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचा एक भाग जागेवरच हवाबंद डबीत भरून गोठवतो आणि नायट्रोजनच्या पेटीतच उघडतो.

आता आपल्यासारख्या क्ष-किरणवाल्यांचा खरा आनंद. एक्सआरएफमध्ये आपण बाहेर पडणाऱ्या किरणाची ऊर्जा वाचतो, म्हणून डिटेक्टरची ढोबळ विभेदनक्षमता आड येते. क्ष-किरण शोषण वर्णपटात, ज्याला बीमलाइनवर सगळे झेन्स म्हणतात, आत जाणाऱ्या किरणाची ऊर्जा स्फटिकाच्या साहाय्याने एक-दोन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या बारकाईने सरकवत न्यायची असते. आर्सेनिकची के-कडा, म्हणजे त्याचे के कवच उघडायला लागणारी ऊर्जा, ११,८६७ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. त्रिसंयुजी आणि पंचसंयुजी रूपांची शिखरे तिच्या किंचित वर, एकमेकांपासून सुमारे चार इलेक्ट्रॉनव्होल्ट अंतरावर येतात. ती स्वच्छ वेगळी दिसतात.

आणि शिशाची सावली? शिशाच्या एल-अल्फा रेषेसाठी जे कवच उघडावे लागते, त्याची कडा १३,०३५ ला आहे. आत जाणारा किरण ११,९०० चा असेल, तर आर्सेनिक उजळते आणि ते कवच उघडायला लागणारी ऊर्जाच नसल्यामुळे शिशाची एल-अल्फा रेषा उमटतच नाही. टेकाड सोडवत बसण्याऐवजी टेकाडातील दुसऱ्या भागीदाराला बोलावलेच नाही, की झाले. हातातल्या यंत्राच्या नळीचे व्होल्टेज १३ किलोव्होल्टच्या खाली उतरवूनही तत्त्वतः हेच घडते, पण आर्सेनिकला जागे करणारा किरणांचा भाग मग इतका थोडा उरतो की दहा-वीस मिलिग्रॅमसाठी त्याचा भरवसा धरू नये, आणि बहुतेक यंत्रे वापरणाऱ्याला तेवढी मोकळीक देतही नाहीत.

पण एक पथ्य. सिंक्रोट्रॉनचा प्रखर झोत स्वतःच नमुन्याची संयुजा बदलतो. या चुकीने मोठमोठ्यांना फसवले आहे. वनस्पतींत पाण्याचे विघटन करणाऱ्या प्रथिनसंकुलातील मँगनीजचे क्षपण त्याची रचना पाहण्यासाठी वापरलेल्या क्ष-किरणांनीच होत होते, हे २००५ मध्ये दाखवले गेले. पुढे २०१५ मध्ये जपानच्या साक्ला या क्ष-किरण लेझरवर, नुकसान व्हायच्या आत निघून जाणाऱ्या फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी, तीच रचना १.९५ अँगस्ट्रॉमपर्यंत टिपता आली. आपल्याला एवढे करायची गरज नाही. नमुना गोठलेला ठेवा, प्रत्येक मोजणीला झोताखालची जागा बदला आणि एकाच जागेवरची पहिली व पाचवी मोजणी एकमेकींवर ठेवून पाहा. त्या जुळल्या नाहीत, तर पाचवी टाकून द्या. हे रसायनाच्या सहकाऱ्यांना आपणच सांगायचे असते. घोडा दाबण्यापलीकडे काय, असे आपण विचारले होते. मला तरी हेच सर्वांत मोठे काम वाटते.

वाटसरू यांचा प्रतिसाद

मी या क्षेत्रातला नाही, सार्वजनिक आरोग्याचे काम करतो, म्हणून एक बाहेरचा प्रश्न. आर्सेनिक २२ की ९० यावर एवढा खल चालला आहे, पण शिसे १,१५० ते १,२०० यावर दोन्ही यंत्रांचे एकमत आहे ना? मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ठाऊक नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. ज्या आकड्यावर वाद नाही, तो आधी जमीन वापरणाऱ्यांपर्यंत पोचवायला हवा.

मातीमोल

वाटसरू, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. शिशाचे आकडे आम्ही कालच वेगळे काढून संबंधितांना कळवले. आर्सेनिकच्या नादात ते अहवालाच्या चौथ्या पानावर गेले होते, याची मला लाज वाटली.

वाळूचा प्रयोग केला. वाळूत काही न मिसळता यंत्र आर्सेनिक दाखवत नाही. शिसे ३००, ६०० आणि १,२०० केल्यावर त्याने अनुक्रमे १८, ३७ आणि ७१ मिलिग्रॅम आर्सेनिक दाखवले, अगदी दशांशासकट आणि कोणताही इशारा न देता. मग प्रथमच आकड्यांचा पडदा सोडून मूळ स्पेक्ट्रम उघडला. वाळूच्या नमुन्यात आर्सेनिकच्या के-बीटाच्या जागी, ११.७३ वर, काहीच नाही. शेतातल्या नमुन्यात तेथे एक बारीकसा उंचवटा आहे, पार्श्वभूमीतून जेमतेम डोके वर काढणारा. म्हणजे आर्सेनिक आहे, पण यंत्र म्हणते तेवढे नाही. ९० मधून ७१ गेले की १९ उरतात, आणि प्रयोगशाळेचा आकडा २२. टक्कर-कक्ष चालू होता आणि नमुने बंद भांड्यात विरघळवले होते, असेही त्यांनी कळवले आहे. चाळीसपैकी सहा नमुन्यांचा अर्धा भाग नशिबाने पहिल्याच दिवशी गोठवला होता. आता सगळ्या आकड्यांतून ही सावली वजा करून तक्ता नव्याने केला तर चालेल का?

के_कवच

अभिनंदन, पण ती वजाबाकी छापू नका. वाळू म्हणजे माती नव्हे. आपल्या मातीत लोह असणार. ते या ऊर्जेचे किरण सिलिकापेक्षा कितीतरी जास्त गिळते, त्यामुळे सावलीचा चढ तेथे वेगळा निघेल. जमिनीच्या ज्या कोपऱ्यात शिसे सर्वांत कमी आहे, तेथली माती घेऊन तिच्यात शिसे मिसळा आणि प्रयोग पुन्हा करा. तोही चढ ०.०६ च्या जवळ आला, तरी तक्त्यात शिशाच्या दहापट मर्यादेपलीकडच्या ठिकाणी एक्सआरएफच्या आर्सेनिकच्या रकान्यात आकड्याऐवजी "शिशामुळे ठरवता येत नाही" असे लिहा, आणि के-बीटाचा तो उंचवटा वाळूच्या स्पेक्ट्रमशेजारी छापा.

काळा_चिखल

आणि त्या सहा डब्यांची झाकणे बीमटाइम मिळेपर्यंत उघडू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.